खिशातली वाळू

साडी उद्या सकाळी न्या, सत्यभामाबाई.
सुती आहे, पाणी शिंपडून मुरू द्यावी लागते.
तोवर बसा बाकड्यावर.
उदगीरहून थेट बार्बाडोसला निघालेलं
माझं हे पहिलंच गिऱ्हाईक.

लेक सांगेलच तिथं.
पण लेकी कामाच्या घाईत अर्धंच सांगतात,
म्हणून ऐका.

बसमध्ये चढलात की आधी गुड मॉर्निंग म्हणा,
मोठ्यानं, सगळ्यांना मिळून एक.
आपण पारावर रामराम घातल्याशिवाय
कुणाला वाट विचारतो का?
तसं न म्हणता भाव केला
तर नारळवाली मान वर करणार नाही.

आणि ती डॉलर म्हणाली तर विचारा, कोणता?
अमेरिकेच्या एकाला तिथले दोन पडतात.
मोंढ्यात अडतीवर एकवीस वर्षं वही लिहिलीत,
तुम्हाला याहून काय सांगायचं.

नातवासाठी घेतलेली ती मिलिटरीच्या रंगाची टोपी
पिशवीतून आत्ताच काढा.
तसलं कापड तिथं फक्त फौजेनं घालायचं,
लेकरालासुद्धा सूट नाही.

पश्चिमेचा किनारा गरीब,
गरीब गाईसारखा,
पाणी गुडघ्याशी येऊन नुसतं उभं राहतं.
पूर्वेचा लांबून बघायचा.
तिकडं पायाखालची वाळूच सरकते.
ओढलं गेलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नका,
आडवं सरका,
बांधाच्या कडेकडेनं चालल्यासारखं,
ओढ सुटली की मग वळा.

हिरव्या सफरचंदाएवढी फळं दिसतील,
खोडाला बहुतेक तांबडा पट्टा असेल.
फळ उचलू नका. सर आली तरी
त्या झाडाखाली थांबू नका.
पानावरून गळालेला थेंब अंगावर उततो,
आपल्या बिब्ब्यासारखा.

रबरी चपला घालूनच उतरा, तळाला काळे काटे असतात.
दिवस कलला की बारीक माश्या घोटे फोडतात.
लाटांनी तपकिरी शेवाळ आणलं असेल,
सडक्या अंड्याचा वास येत असेल,
तर त्या दिवशी बेटाची दुसरी बाजू धरा.

साडी नेसून उतरलं तर चालेल का म्हणता?
न चालायला काय झालं.
पण ओलं नऊवार माणसाएवढं जड होतं,
पदर खोचा, आणि कमरेच्या पुढं जाऊ नका.

लई फिरलास की रे मुरलीधर, असं म्हणू नका.

सात वर्षं जहाजावर होतो, हे खरं,
पण पाण्याच्या रेषेखाली, धुलाईखान्यात,
जिथं खिडकी नव्हती.
बंदर लागलं की पाहुणे उतरायचे
आणि आमच्याकडं ढीग यायचे.
आत्ता सांगितलं ते सगळं क्लाइव्हचं,
शेजारच्या मशीनवरचा, तिथलाच पोरगा.
तो बोलायचा,
मी चादरीची दोन टोकं धरून ऐकायचो.

मला किनारे खिशांतून कळले.
मशीन बिघडू नये म्हणून
प्रत्येक चड्डीचा खिसा उलटा करायचा नियम होता.
बार्बुडाची वाळू गुलाबीसर, पीठ पडावं तशी.
एकदा सेंट व्हिन्सेंटची निघाली,
काळी.
आपल्या रानासारखी काळी, बाई.
मी ती तळहातावर घेऊन बसलो,
मशीन सुरू करायची राहिली,
मुकादमानं शिवी दिली तेव्हा उठलो.

उतरायला मिळाले एकदा चार तास.
ते घरी फोन लावण्याच्या रांगेत गेले.
लागलाही नाही.

ते असू द्या.
परत आलात की एवढं करा.
ती साडी तिकडं धुऊ नका,
निऱ्या झटकू नका,
जशी असेल तशी घडी घालून
माझ्याकडंच टाका.

आजचे पैसे?
तेव्हाच द्या.